वाणातला कागद

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी वाण म्हणून नऊ वॅटचा एलईडी बल्ब दिला. बल्बच्या खोक्याला रिबिनीने बांधलेला एक गुळगुळीत कागद होता : ‘वीज वाचवा, पैसा वाचवा – २१ सोपे उपाय’. कागद कुणी लिहिला याचा पत्ता नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर वहिनींनी झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला होता. बल्ब मी त्याच संध्याकाळी मोरीत लावला. कागद फ्रिजच्या दाराला चिकटवला आणि पुढचे पंधरा दिवस येता-जाता तो वाचून माझं डोकं तापत गेलं.

उपाय पहिला, मोबाइलचा चार्जर बोर्डातून काढून ठेवा. पाचवा, दिवसा दिवा लावण्याची सवय मोडा. आठवा, मिक्सरऐवजी पाटा-वरवंटा वापरा, व्यायामही होतो. बारावा, रात्री फ्रिज बंद ठेवा. एकोणिसावा, सगळी उपकरणं फाइव्ह स्टारच घ्या. आणि एकविसावा, ठळक अक्षरांत : घरातल्या प्रत्येकाला शिस्त लावा.

वीज वाचवायला माझा विरोध असायचं कारण नाही. बदलापुरात भाड्याच्या वन-रूम-किचनमध्ये आम्ही चार माणसं राहतो, बिल मी भरते, आणि बिलाचा आकडा वाढला की महिनाअखेरीस भाजीच्या पिशवीत त्याचा पत्ता लागतो. माझं भांडण या कागदामागच्या समजुतीशी आहे. बिल जास्त येतं ते घरातली माणसं बेशिस्त असतात म्हणून, त्यांना वळण लावलं की ते उतरेल, अशी ती समजूत. मीटरला वळण कळत नाही. किती वॅटची वस्तू किती तास चालली, एवढंच त्याला कळतं. एक हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट. हे शाळेच्या पुस्तकातलं गणित त्या एकवीस उपायांत एकदाही आलेलं नाही.

म्हणून एका रविवारी दुपारी मी स्टूल घेऊन मीटरसमोर बसले. हल्लीच्या प्रत्येक मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो. माझ्या मीटरवर त्याच्याशेजारी ३२०० असा आकडा आहे, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. मुलाला घरात उभं करून सगळं बंद करायला लावलं आणि एकेक वस्तू चालू करत गेलो. नुसता नऊ वॅटचा बल्ब लावला तर दिवा दोन मिनिटांतून एकदा लुकलुकला. जुना पंखा लावला, पंधरा सेकंदांतून एकदा. मग गीझर. दोन हजार वॅटचा गीझर लावल्यावर दर सेकंदाला जवळजवळ दोनदा, मोजताना माझी जीभ वळेना. शेवटी फोन न लावलेला रिकामा चार्जर बोर्डात खोचून ठेवला आणि पाऊण तास बसले. दिवा एकदाही हलला नाही. चांगला चार्जर रिकामा असताना वॅटचा दहावा हिस्सा ओढतो. हिशेबाने तीन तासांत एकदा लुकलुकायला हवं, पण इतका क्षीण प्रवाह मीटरला पुष्कळदा जाणवतही नाही.

आता दुसऱ्या बाजूला आंघोळीची बादली ठेवा. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून बेचाळीसपर्यंत तापवायला साधारण पाव युनिटाहून थोडी जास्त, ०.३ युनिट वीज लागते. यात कुणाच्या कंपनीचा, कुणाच्या ताऱ्यांचा प्रश्न नाही, पाण्याचा धर्मच तो. तेवढ्या विजेवर रिकामा चार्जर चार महिने बोर्डात खोचलेला राहू शकतो. चार महिन्यांचं पुण्य एका बादलीत वाहून जातं, आणि तो उपाय कागदावर पहिल्या नंबरावर! गरम पाण्याबद्दल कागदात एकच ओळ आहे, अठराव्या नंबरावर, ‘गीझरचा वापर जपून करा’. जपून म्हणजे काय करा?

माझ्या घरचा महिन्याचा हिशेब असा निघाला. दोन पंखे मिळून साठ-त्रेसष्ट युनिट. आंघोळीचं पाणी छत्तीस. जुना फ्रिज तेवढाच. उरलेलं सगळं म्हणजे दिवे, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफाय, इस्त्री, वॉशिंग मशीन, मिक्सर, फोन मिळून चाळीसच्या आसपास. पावणेदोनशे युनिटांपैकी तीन वाटे तीन वस्तूंचे. कागदातले एकवीसपैकी तेरा उपाय त्या उरलेल्या एका वाट्यावर तुटून पडलेत.

मिक्सरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण माझा राग मुळात तिथे सुरू झाला. साडेसातशे वॅटचा मिक्सर रोज पूर्ण सहा मिनिटं चालला, ओलं खोबरं, लसूण, डोशाचं पीठ सगळं धरून, तरी होते ०.०७५ युनिट. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांना ४.७१ रुपये आणि पुढच्या दोनशेंना १०.२९ रुपये दर होता. त्यावर युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार आणि इंधन समायोजन बाजूला ठेवलं तर शंभराच्या आतलं युनिट पडायचं ६.८२ रुपयांना आणि शंभराच्या वरचं १३.२९ रुपयांना. महागातला दर धरला तरी दिवसभराच्या वाटणाची वीज एक रुपयाची. त्या एका रुपयासाठी कागद सांगतो, पाट्यावर बसा. सांगणाऱ्याच्या खांद्यात ते बसणं कधी आलेलं नाही, हे ‘व्यायामही होतो’ या दोन शब्दांतच कळतं. माझी आजी पाट्यावर वाटायची. तिला व्यायामाची हौस होती असं तिने तरी कधी सांगितलं नाही.

दिवसा दिवा न लावण्याचंही तसंच. चाळीतल्या किंवा तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात भर दुपारी तांदळातला खडा दिसत नाही. तिथे नऊ वॅटचा बल्ब रोज चार तास जळला तर महिन्याला एक युनिट, फार तर चौदा रुपये. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळात ‘दिवसाढवळ्या दिवा कशाला गं?’ या प्रश्नाला अर्थ होता. बल्ब गेला, प्रश्न राहिला, आणि तो विचारला जातो तो घरातल्या सुनेला, अभ्यासाला बसलेल्या मुलीला, जिचं घरात कमी चालतं तिला. दुपारभर नुसत्या सोफ्यावर फिरणाऱ्या पंख्याबद्दल सासऱ्यांना कुणी विचारत नाही. तो पंखा आठ बल्बांएवढा आहे.

रात्री फ्रिज बंद ठेवण्याचा उपाय तर सरळ नुकसानीचा. फ्रिजचा कॉम्प्रेसर मुळात सारखा चालत नसतो, आत पुरेसा गारवा झाला की तो आपला आपण थांबतो. रात्री बटण बंद केलं की आतली थंडी निघून जाते, आणि सकाळी तीच पुन्हा भरायला कॉम्प्रेसर लांबलचक धापा टाकतो. हाती राहते किरकोळ बचत, आणि उन्हाळ्यात नासलेलं अर्धा लिटर दूध. फ्रिजची वीज खरी वाचते ती बिनपैशाच्या तीन गोष्टींनी. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून बघायची. ओढल्यावर सुळकन निघाली तर रबर गेलंय. मागची जाळी भिंतीला टेकली असेल तर फ्रिज चार बोटं पुढे ओढायचा. आणि साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर साचला की तो वितळवायचा. मी पट्टी लावली ती या कागदाचीच कापून. सुळकन निघाली.

पण सगळ्यात जास्त राग यावा असा उपाय एकोणिसावा, कारण तो शहाणपणाचा वाटतो. ‘फाइव्ह स्टारच घ्या.’ कुणाच्या पैशाने? दुकानदार पाच तारे दाखवतो, पण लेबलावरचे वर्षाचे युनिट कोणत्या वापरासाठी मोजलेत ते सांगत नाही. एसीच्या लेबलावरचा आकडा वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढलेला असतो. समजा तीन ताऱ्यांच्या आणि पाच ताऱ्यांच्या एसीत लेबलानुसार वर्षाला अडीचशे युनिटांचा फरक आहे आणि किमतीत आठ हजारांचा. आमच्यासारख्याचा एसी, असलाच, तर एप्रिल-मेच्या रात्री सहा-सहा तास चालणार, म्हणजे वर्षाला साडेतीनशे-एक तास. तेवढ्यात वाचणार पंचावन्न-छप्पन युनिट, साडेसातशे रुपयांच्या आत. आठ हजार फिटायला अकरा वर्षं. दुकानात बारा महिने चालणाऱ्या एसीला पाच तारे परवडतात, दोन महिन्यांच्या एसीला तीन पुष्कळ झाले. उलट पंखा. पंखा कुणी लेबल बघून घेत नाही, ‘कोणताही द्या, डिझाइन बरं असू दे’ म्हणून घेतात. आणि आपल्याकडे घरातली सगळ्यात जास्त तास चालणारी मोटर तीच. जुना पंखा पंचाहत्तर वॅट ओढतो, नव्या, बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा तीस वॅटमध्ये देतो. रोज चौदा तास चालला तर महिन्याला एकोणीस युनिट वाचतात. शंभराच्या वरच्या दराने ते अडीचशे रुपये, म्हणजे तीन हजारांचा पंखा वर्षभरात फिटला. शंभराच्या आत ज्याचं बिल आहे त्याचे मात्र एकशेतीसच वाचतात, त्याला दोन वर्षं थांबावं लागेल. जो कमी वापरतो त्याची बचतही कमी भावाने मोजली जाते. हे त्या कागदाला ठाऊक असतं तर एकच उपाय सगळ्यांना सारखा वाटला नसता.

जाता जाता, स्लॅबबद्दलची एक भीतीही या कागदाने पसरवली आहे : ‘शंभराच्या वर एक युनिट जरी गेलं तरी पूर्ण बिल चढ्या दराने!’ महाराष्ट्रात तसं नाही. पहिली शंभर युनिटं सगळ्यांना पहिल्याच दराने मिळतात, चढा दर फक्त वरच्यांना. एकशेएकावं युनिट तेरा रुपयांचं, तेराशेंचं नाही. या भीतीपायी महिनाअखेर अंधारात बसणारी घरं मी पाहिली आहेत.

दुसरी एक गल्लत वॅटची, ती कागदाबाहेर, लोकांच्या तोंडी ऐकू येते. ‘पाणी तापवायच्या रॉडला आणि तीन हजार वॅटच्या इन्स्टंट गीझरला हात लावू नका, ते वीज खातात.’ तीन हजार वॅटचा गीझर ती पंधरा लिटरची बादली सहा मिनिटांत तापवतो, दीड हजारांचा रॉड बारा मिनिटांत. दोघांचंही होतं ०.३ युनिट. रॉडला नाकारायचं ते शॉकच्या भीतीने नाकारा. बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका, लोखंडी बादली नको, मूल आसपास नको. विजेच्या नावाने त्याला दोष देऊ नका. साठवणीच्या गीझरचं दुखणं वेगळं आहे. चार जणांच्या आंघोळीसाठी पहाटे लावला आणि बंद करायचा राहिला, की तो दिवसभर पाणी कुणी न वापरता आपलाच निवतो, आपलाच तापतो. आंघोळी लागोपाठ उरकल्या आणि थर्मोस्टॅटची चकती साठ-सत्तरवरून पन्नासच्या खाली आणली, तर एक पैसा खर्च न करता जे वाचतं ते त्या कागदातल्या पहिल्या दहा उपायांना मिळून वाचत नाही.

सेट-टॉप बॉक्सचं तर कागदात नावच नाही. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो टीव्हीमागे दहा-एक वॅट ओढत कोमट होऊन बसलेला असतो. महिन्याला सात युनिट. ज्याला बटण बंद करण्याची हौस आहे त्याने हे करावं, रात्री झोपताना एकदा. याच जातीची दुसरी वस्तू म्हणजे ‘पॉवर सेव्हर’ नावाची डबी, बोर्डात खोचली की बिल चाळीस टक्के कमी म्हणून विकतात ती. तिच्यात असतो एक कपॅसिटर. तो पॉवर फॅक्टर सुधारतो, आणि घरगुती बिलात पॉवर फॅक्टरचे पैसे लावलेलेच नसतात. म्हणजे जे आपण भरत नाही ते ती वाचवते.

आता भाडेकरूंचं. हा सगळा सल्ला असा लिहिलेला असतो जणू प्रत्येक वाचक घरमालक आहे. भाड्याच्या खोलीतला पंखा मालकाने घेतलेला असतो, मिळाला त्यात स्वस्त. त्याचं बिल भरतो भाडेकरू. मालकाला चांगला पंखा घेण्यात फायदा नाही, भाडेकरूला दुसऱ्याच्या छताला तीन हजार टांगण्यात फायदा नाही. कित्येक ठिकाणी सबमीटर असतो आणि मालक मनाला येईल तो दर लावतो, तिथे स्लॅबबिब काही नाही. छतावर सोलर बसवायच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं म्हणाल तर तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं हे खरं, पण आधी डोक्यावर स्वतःचं छप्पर लागतं. भाडेकरूला मी एकच सांगेन : पंखा स्वतःचा घ्या, मालकाचा माळ्यावर ठेवा, आणि घर सोडताना आपला उतरवून बरोबर न्या. एक नटबोल्ट आणि दोन वायरी, वायरमन शे-दोनशेत करतो. आम्ही तेच केलं. मालक म्हणाले, ‘पंखा चांगलाय, राहू द्या की इथेच.’ मी म्हटलं, ‘काका, तुम्ही पण घ्या ना एक.’

माझ्या या भांडणाला कागदाच्या बाजूने दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखी आहेत. एक, थेंबे थेंबे तळे साचे. ५ एप्रिल २०२० च्या रात्री देशभर नऊ मिनिटं दिवे बंद झाले तेव्हा विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली होती. म्हणजे दिवे काही क्षुल्लक नाहीत, हे मान्य. पण ते कोट्यवधी घरांनी एकाच क्षणी बटण दाबल्याचं मोजमाप होतं, ग्रिड सांभाळणाऱ्यांची झोप उडवणारं. माझ्या घरात त्या नऊ मिनिटांत चार बल्बांचे वाचले सात पैसे. देशाचं तळं आणि माझी घागर यांत फरक आहे. कागदाच्या शीर्षकात ‘पैसा वाचवा’ लिहिलंय, तर हिशेब घागरीचाच करायला हवा, आणि घागरीला तळाशी भोक असताना वरून थेंब मोजत बसण्यात हशील नाही.

दुसरं उत्तर सवयीचं. लहान गोष्टीत सवय लागली की मोठ्या गोष्टीत आपोआप येते. मला अनुभव उलटा आहे. चार्जर काढला की माणसाला वाटतं आपलं काम झालं. आणि ज्या बदलाने घरातली दिव्यांची वीज खरोखर कमी झाली तो सवयीने आलेलाच नाही. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीतला एलईडी बल्बचा भाव आधी ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. कुणी कुणाला शिस्त लावली नाही. बल्ब स्वस्त झाला, लोकांनी बदलला, आणि तो आज संक्रांतीच्या वाणात वाटण्याइतका साधा झाला. पंख्यांना २०२३ च्या जानेवारीपासून तारांकन सक्तीचं झालं आहे, पण तीस वॅटचा पंखा अजून वाणात देण्याच्या भावाला आलेला नाही. कंबर कसून कुणाच्या मागे लागायचंच असेल तर त्या भावाच्या मागे लागावं.

हे सगळं मी वहिनींना बोलून दाखवलं. त्या रागावल्या नाहीत, हसल्या, आणि म्हणाल्या, ‘अगं, मी तर सगळं करते कागदातलं. ये दाखवते.’ त्यांच्या घरात खरंच टोपलीत सहा चार्जर वायरींच्या गुंडाळ्या करून ठेवलेले होते, दिवाणखान्यात दुपारचे चार वाजता मिणमिण उजेड. घरातली बटणं फिरून तपासली, आणि आम्ही दोघी जिन्याखाली मीटरबोर्डापाशी गेलो. सोळा मीटर ओळीने लुकलुकत होते, वहिनींचा तेवढा गप्प.

‘बघ,’ त्या म्हणाल्या.

मी घड्याळ काढलं. फ्रिज थांबलेला असेल, थोडं थांबू म्हटलं. सहा-सात मिनिटं गेली, वहिनी शेजारच्या मीटरवरची नावं वाचत होत्या. तेवढ्यात त्यांचा दिवा लागला, आणि मग लागतच राहिला, सेकंदाला दोनदा, मोजता येईना.

‘अगं, घरात तर सगळं बंद आहे!’

‘वहिनी, सकाळी आंघोळ शेवटी कुणी केली?’

त्यांनी पदर खोचला आणि जिना चढायला लागल्या.